मोज्यातली घंटा

मित्रांनो, मी डार्मश्टाटच्या मराठी मंडळाची जुनी पितळी घंटा. जवळून पाहिलेत, तर माझ्या लोलकाला लोकरीचा एक राखाडी धागा अडकलेला दिसेल. तो मी जपून ठेवला आहे.

पुण्यातल्या एका ओताऱ्याच्या भट्टीत माझा जन्म झाला. मालिनीकाकू मुलाकडे राहायला जर्मनीत आल्या, तेव्हा साडीच्या घडीत गुंडाळून त्यांनी मला आणले आणि मंडळाला देऊन टाकले.

मंडळाचा अध्यक्ष नागेश, पेशाने इंजिनिअर. गणपतीच्या आरतीला मला त्यानेच वाजवायचे, असा रिवाज पडला. त्याचा हात काय सुरेख चालायचा! घरी आरतीची तालीम असली, की शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून तो माझ्या लोलकाला स्वतःचा मोजा बांधी. मला त्याचे हसू येई. काय दिवस होते ते! आरती संपली, की लोकांचे डोळे ओले असत.

२०१५ साली नागेश दुसऱ्यांदा अध्यक्ष झाला आणि त्याचे ग्रह फिरले. मंडळाच्या नाटकात मुलांनी फक्त मराठीच बोलावे, हा त्याचा ठराव पडला. दोन जुने सोबती समिती सोडून गेले. सगळे आपल्या वाईटावर टपले आहेत, असे त्याला वाटू लागले. सभेत कोणी विरोधात तोंड उघडले, की तो मला वाजवी. आरतीसाठी घडलेली मी, माणसांना गप्प करायला वाजू लागले. मला फार लाज वाटे.

पुढच्या वर्षी वाद पेटला. गणपती तिथीला, म्हणजे सोमवारी बसवायचा, की नेहमीसारखा शनिवारी?

"तिथी म्हणजे तिथी," नागेश म्हणाला.

"आल्झो, सोमवारी उरलाउब कोणाला मिळणार आहे? सगळ्यांची ऑफिसं असतात, रजा कुठून आणणार?" समितीतली संपदा नेहमीसारखे जर्मन शब्द पेरत म्हणाली.

मग मालिनीकाकू उठल्या. "नागेश, मी काय म्हणते, तारीख कोणतीही ठरू दे..."

त्याने मला दाणकन वाजवले. काकू खाली बसल्या. मतदान झाले, तेव्हा नागेशच्या बाजूने तीन हात वर आले. विरोधातल्या हातांत त्याच्या बायकोचा, सुकन्याचाही हात होता.

नागेशने राजीनामा दिला. मला घरी नेऊन, मोजा बांधून त्याने आपल्या इमारतीच्या तळघरात सायकलच्या पंपाशेजारी ठेवले. दोन गणपती ताटावर चमचा वाजवून झाले, असे तळघरात आलेली सुकन्या एकदा फोनवर कोणाला तरी सांगत होती. नागेश आरतीला गेलाच नाही.

२०१८च्या गणपतीआधी सुकन्या काकूंना घेऊन मला न्यायला खाली आली. सण झाला, की काकू कायमच्या पुण्याला परतणार होत्या. मागोमाग नागेश आला. त्याने मला उचलले आणि मोजा सोडला.

"काकू, त्या दिवशी तुमचं बोलणं अर्धंच राहिलं. चुकलं माझं. आता पूर्ण करा."

"अरे, एवढंच म्हणत होते," काकू म्हणाल्या, "तारीख कोणतीही ठरू दे, घंटा मात्र नागेशच वाजवणार."

नागेश पायरीवर बसला. मी वाजू नये म्हणून त्याने माझा लोलक घट्ट धरून ठेवला, कारण काकू अजून बोलत होत्या.

त्या शनिवारी आरतीला मी पुन्हा त्याच्या हातात होते. मित्रांनो, मला चिंच लावून घासा, कोरड्या फडक्याने पुसा. फक्त कोणी बोलत असेल, तर त्याचे बोलणे संपेपर्यंत मला वाजवू नका.