वाजवणारी बाई होती

मी एक गिटार बोलतेय. विजेवर चालणारी, मान किंचित वाकडी. शिकागोच्या कारखान्यात जन्मले. त्या मानेला कंटाळून पहिल्या मालकाने मला अडगळीत टाकलं. तिथून उचललं ते डेलिथा स्टोव्हॉलने. अमेरिकेच्या दक्षिणेला, आर्कान्सॉतल्या आमच्या गावात ती आठवडाभर लोकांचे कपडे धुवायची आणि रविवारी काळ्या लोकांच्या आमच्या चर्चमध्ये मला अशी वाजवायची, की बाकावर कुणाला बसवत नसे.

१९४७ साली रेडिओवाले आणि गाण्यांच्या तबकड्या काढणारे गोरे साहेब, मिस्टर हॅलोरन, तिला ऐकायला चर्चमध्ये आले.

"गाणं बरं आहे म्हणे तुझं. गिटार मात्र माझा माणूस वाजवेल. बायकांचं काम नव्हे ते."

"मग गाणंही राहू द्या, साहेब. वाजवीन तर मीच." मला तिचा फार अभिमान वाटला. "बरं, दाखव वाजवून," साहेब म्हणाले.

मोठ्या कामाआधी कपाळाला आशीर्वादाचं तेल लावायची आमच्या चर्चची रीत. भोळ्या पास्टर गेन्सनी ते डेलिथाला लावलं, आणि भरात येऊन माझ्या तारांवरही बाटली उपडी केली! पहिल्याच सुराला तिची बोटं घसरली. साहेब गालात हसले.

"पास्टर, गिटार तळायला घेतलीत का हो?" मागून कुणी ओरडलं.

तेवढ्यात चर्चमधल्या मानाच्या आजी, मदर लुवेनिया उठल्या. तीस वर्षं त्यांनी तंबाखूवरून अख्ख्या गावाला फैलावर घेतलं होतं. त्यांनीच पर्समधून तपकिरीची काचेची बाटली काढली.

"डोळे फाडून काय बघताय? माझं पाप मी बघून घेईन. धर पोरी, ही फिरव तारांवर!"

तेलकट तारांवरून काच सरसर धावली. मी रडले, ओरडले, खिदळले. असा आवाज माझ्यात आहे हे मलाच ठाऊक नव्हतं. चर्च नाचायला लागलं, साहेबांचा बूटही ताल धरू लागला. "ठीक आहे, तूच वाजव," ते म्हणाले.

तिनेच वाजवलं. पण तबकडी छापून आली तेव्हा तिच्यावर 'गिटार' या शब्दापुढे नाव होतं साहेबांच्या माणसाचं. त्यानंतर अकरा वर्षं प्रत्येक कार्यक्रमात ती आधी ठणकावून सांगायची, "गाते मी, वाजवतेही मीच!"

आता ती नाही. मी संग्रहालयात आहे आणि माझ्या पाटीवरही त्याच माणसाचं नाव आहे. त्याने मला कधी हातही लावला नव्हता. माझ्या मानेवर तिच्या बोटांनी पडलेले खळगे आहेत, चाचपून पाहा. आणि मग ती पाटी बदला.