नव्या ब्रेकची जुनी मोटार

मित्रांनो, गॅरेजच्या मागच्या आवारात नाक चेपलेली एक जुनी मोटार उभी आहे. ती मी. मला बोलायची फारशी सवय नाही. जमेल तसं सांगते.

कारखान्यातून निघाले तेव्हा मी काळीभोर होते आणि माझ्या चारही चाकांत ड्रम ब्रेक होते. दोन-तीन घरं फिरून मी एका शिंप्याकडे आले. त्याने माझ्या सीटांना स्वतः कव्हरं शिवली, तीही दुहेरी शिलाईची. मला पुसताना पाहून त्याची मुलगी म्हणायची, "बाबा, माझे नाही कधी एवढे लाड केलेत!"

"तू कुठे एका हाकेत उठतेस?" तो हसायचा.

पण जन्मभर पायाने मशीन चालवून त्याचा गुडघा कामातून गेला, आणि माझा ब्रेक जड. एकदा चौकात मी वेळेवर थांबले नाही. एका सायकलचं चाक वाकलं. मुलीने चावी काढून घेतली. "आता पुरे. विकून टाकू."

"मग मी काय भिंतींकडे बघत बसू?" म्हणत शिंपी जेवणावरून उठला.

अखेर मुलगीच नमली. गॅरेजच्या मिस्त्रीने उपाय काढला. पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक आणि सोबत बूस्टर. पाय नुसता टेकवला की काम झालं.

पेडलचा दाब तेलातून चाकांपर्यंत पोचवणारा ब्रेकचा जुना सिलिंडर मिस्त्री खोलू लागला, तसा शिंप्याने त्याचा हात धरला. "सगळंच बदललं तर माझी गाडी उरली कुठे? एवढा एक राहू द्या."

"मास्तर, हा ड्रमचा आहे. पाय उचलला तरी दाब पुरता सोडत नाही."

"इतकी वर्षं चाललाच ना?"

मिस्त्रीच्या लग्नातला कोट याच हातांनी शिवलेला. त्याला नाही म्हणवेना. सिलिंडर राहिला.

मित्रांनो, ड्रममध्ये दणकट स्प्रिंगा असतात. थोडा दाब उरला तरी त्या ब्रेकला मागे ओढतात. डिस्कला तशा स्प्रिंगा नसतात. पहिल्याच फेरीत शिंप्याने पाय उचलला तरी माझे ब्रेकचे पॅड चाकाच्या चकतीला चिकटूनच राहिले, घासत राहिले, तापत गेले.

"बाबा, काहीतरी जळतंय."

"नवीन आहे गं. कोऱ्या कापडालाही वास असतो."

किती खुशीत होता तो! मग मोठा उतार लागला. ब्रेकचं तेल उकळलं आणि पेडल थेट तळाला गेलं. मुलीने हँडब्रेक खेचला. मी गचके खाल्ले, पण थांबले नाही. खाली माणसं रस्ता ओलांडत होती. शिंप्याने मला कडेच्या भिंतीवर घातलं, आपल्या बाजूने.

मुलगी वाचली, तो नाही. काठी टेकत ती एकदा इथे आली. मिस्त्री मान वर करेना.

"मी नाही म्हणायला हवं होतं, ताई."

"बाबांनी ऐकलं असतं?"

"नसतं. भांडले असते. पण गाडी मी दिली नसती."

तिने काठी उचलली. माझ्या दाराला हातही न लावता निघून गेली.

आता मी पत्र्याच्या भावाने जाईन. माझी हेळसांड झाली, असं मी कसं म्हणू? मला फार जपलं. तुमच्या घरीही असं एखादं लाडकं जुनं यंत्र असेल. ते दुरुस्त करणारा माणूस "हे चालणार नाही" म्हणाला, तर त्याला गळ घालू नका. रुसा, भांडा, पण चावी त्याच्याकडेच राहू द्या.