स्नेहलच्या वाढदिवसाचा पाट

मित्रांनो, माझ्यावर बसलेलं माणूस जमिनीपासून जेमतेम चार बोटं वर येतं. तेवढंच माझं काम. मी सागवानी पाट, वयाने बराच जुना. खाली दोन आडव्या पट्ट्या आहेत आणि वर कोपऱ्यांत पितळी फुलं ठोकलेली आहेत. त्यांतलं एक फूल कधीच निखळून गेलं. सध्या मी नेदरलँड्समधल्या युट्रेख्ट शहरात एका लहानशा घरात हीटरच्या बाजूला भिंतीला टेकून उभा असतो. उष्णतेने माझ्या फळीला चीर पडली आहे. तिच्याकडे अजून कुणाचं लक्ष गेलेलं नाही.

सासवडच्या एका सुताराने मला वसुधाबाईंच्या लग्नासाठी घडवलं. रुखवतात मी सगळ्यांत पुढे मांडलेला होतो. पुढे वसुधाबाईंचे यजमान नरेंद्रराव नोकरीसाठी नेदरलँड्सला निघाले, तेव्हा साड्यांच्या घडीत गुंडाळून मीही निघालो. विमानतळावर अधिकाऱ्याने मला उलटसुलट करून पाहिलं आणि हे काय आहे असं विचारलं. नरेंद्रराव गंभीर चेहऱ्याने म्हणाले, “खुर्ची आहे. पाय दुसऱ्या बॅगेत आहेत.”

तिथल्या उइटहॉर्न गावच्या घरात माझे चांगले दिवस गेले. वसुधाबाईंची मुलगी उत्तरा दर वाढदिवसाला माझ्यावर बसायची. माझ्याभोवती रांगोळी निघायची, निरांजन फिरायचं. मग उत्तरा मोठी झाली आणि शिकायला दुसऱ्या गावी गेली. माझ्यावर एक मोठी कुंडी आली. पाणी झिरपून माझ्या अंगावर काळं कडं उमटलं. मी बरीच वर्षं त्या कुंडीखाली होतो.

तिथून मला बाहेर काढलं ते दत्ताने. दत्ता मूळचा बीडकडचा. तरुणपणी बायकोबरोबर ऊसतोडीला जायचा. बायको गेल्यावर तो पुण्याच्या हॉटेलात स्वयंपाकी झाला आणि तिथून आपली लेक स्नेहल हिला घेऊन इथल्या एका रेस्टॉरंटात आला. ते रेस्टॉरंट बंद पडलं, तशी त्याची राहण्याची परवानगीही संपली. गावी परतण्यासारखं घर उरलं नव्हतं. तो मराठी घरांतून सणासुदीचा स्वयंपाक करून देऊ लागला. गौरीच्या दिवशी तो आमच्याकडे आला आणि ओट्याकडे बघत म्हणाला, “ताई, उभ्याने पुरणपोळी लाटणं म्हणजे उभ्याने झोपण्यासारखं. बसायला काही आहे का?”

वसुधाबाईंनी कुंडी सरकवली, मला घासून पुसून दिलं. त्याच्याबरोबर स्नेहल आली होती. कोपऱ्यात बसून ती शाळेचं जीवशास्त्र वाचत होती. वसुधाबाई पुण्यात शाळेत शिकवायच्या. पुस्तक दिसलं की त्यांना राहवत नसे.

“काय व्हायचंय तुला?”

“नर्स,” स्नेहल म्हणाली आणि लगेच वडिलांकडे बघून गप्प झाली.

“आमच्याकडे कागद नाहीत, ताई,” दत्ता लाटणं न थांबवता म्हणाला. “तिला सांगतो, एवढं मोठ्याने बोलू नकोस.”

त्या दिवसापासून स्नेहल आमच्याकडे अभ्यासाला येऊ लागली. ती मराठीत विचारायची, डचमध्ये लिहायची आणि चिडली की इंग्रजीत चिडायची. वसुधाबाईंनी चार ठिकाणी विचारून माहिती काढली. मित्रांनो, या देशात अठराच्या आतल्या मुलाला, कागद असोत वा नसोत, शाळेत बसता येतं. अठराच्या आत सुरू केलेला अभ्यासक्रमही पुरा करू देतात. मात्र अठरा पूर्ण झाल्यावर कागदांशिवाय नव्या वर्गात पाऊल ठेवता येत नाही. म्हणजे स्नेहलचा नर्सिंगचा वर्ग तिच्या अठराव्या वाढदिवसाच्या आत सुरू व्हायला हवा होता.

“तिच्याजवळ यातलं काही बोलू नकोस,” वसुधाबाईंनी दत्ताला बजावलं. “पोरीच्या डोक्यावर कशाला ओझं? ती फक्त अभ्यास करील. बाकीचं मी बघते.”

स्नेहलचा जन्म भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशीचा. त्या दिवशी वसुधाबाई तिला माझ्यावर बसवून ओवाळत. पहिल्या वर्षी ती खुर्चीवर बसतात तशी माझ्या काठावर टेकली आणि घसरली. “अगं, मांडी घाल. पाट पळून नाही जात!” नरेंद्रराव म्हणाले. ती इतकी हसली की कपाळावरचं कुंकू नाकावर आलं. कुणाच्या हसण्याने मी असा हलल्याचं मला फार वर्षांत आठवत नव्हतं.

शाळेच्या शेवटच्या वर्षी, फेब्रुवारीत, एका कॉलेजने जागा देऊ केली. नर्सिंगची नव्हे, नर्सच्या मदतनिसांच्या वर्गातली, आणि तो वर्ग लगेच सुरू होणार होता. त्यासाठी शाळा मध्येच सोडावी लागणार होती. दत्ता माझ्यावर बसून करंज्यांना मुरड घालत होता. तो म्हणाला, “ताई, मिळतंय ते घेऊन टाकूया का?”

“शेवटच्या परीक्षेच्या तोंडावर शाळा सोडायची? मुळीच नाही. ती नर्स होणार आहे. तिचा वाढदिवस मला तू सांगायला नको, मीच ओवाळते तिला. नर्सिंगचा वर्ग सप्टेंबरात सुरू होतो. दिवाळी त्याच्या नंतर येते.”

“ते बी खरंच,” दत्ता म्हणाला. त्याला हायसं वाटलं असावं. ती जागा गेली.

मे महिन्यात वसुधाबाई स्नेहलला घेऊन नर्सिंगच्या कॉलेजात मुलाखतीला गेल्या. परत आल्या त्या अंगातला कोट न काढता जिन्याच्या पायरीवर बसल्या. मी समोरच होतो.

“अहो,” त्यांनी नरेंद्ररावांना हाक मारली. “तिच्या पासपोर्टवर एक जून आहे.”

मित्रांनो, तुमच्या आजोबांना विचारून पाहा. आपल्याकडे ज्यांच्या जन्माची नोंद नसे, त्यांना शाळेत घालताना गुरुजी जन्मतारीख म्हणून एक जून टाकून देत. जूनमध्ये शाळा उघडताना पहिलीत बसायला सहा वर्षं पूर्ण दाखवावी लागत. स्नेहल उसाच्या फडावर, पाचटाच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, जन्मली होती. नोंद करणार कोण? शाळेच्या दाखल्यावरून पासपोर्ट निघाला. कागदावर ती पाच महिन्यांनी मोठी झाली, म्हणजे वर्ग सुरू होण्याआधीच अठरा पूर्ण.

“एक जून! अर्ध्या महाराष्ट्राची एक जून असते,” नरेंद्रराव कपाळाला हात लावून म्हणाले. “माझी आहे! आणि मला सुचू नये?”

दत्ता संध्याकाळी आला. त्याला सांगितलं तरी त्याला कळेना. “पण ताई, ती शाळेची तारीख. तो काय वाढदिवस आहे व्हय? गुरुजी म्हणाले टाकतो, मी म्हटलं टाका.”

मग स्नेहल हळूच म्हणाली, “मला माहीत होती ती तारीख. शाळेत दरवर्षी त्याच तारखेला सगळे गाणं म्हणतात. मला कुणी विचारलंच नाही, काकू. तारखेवर एवढं सगळं आहे हे मला माहीतच नव्हतं.”

वसुधाबाईंनी मान खाली घातली.

त्यांनी मग जिवाचं रान केलं. गावी फोन झाले. ग्रामपंचायतीत नोंद नव्हती. स्नेहलच्या मावशीने आपण स्वतः नाळ कापल्याचं सांगितलं, पण तिचा शब्द इथे कोण धरणार? अशा मुलांना मदत करणाऱ्या एका वकीलबाई भेटल्या. त्या म्हणाल्या, तारीख बदलून घेण्यात वर्षं जातील आणि तोवर बापलेकींचं इथे असणं सगळ्यांच्या नजरेत येईल. दत्ताने हात जोडले आणि ते तिथेच थांबलं. स्नेहल शाळेची परीक्षा चांगल्या गुणांनी पास झाली. सप्टेंबरात वर्ग सुरू झाला तेव्हा ती लोकांच्या घरी फरशी पुसत होती.

त्याच शरद ऋतूत वसुधाबाई आजारी पडल्या. आजार वाढलेल्या अवस्थेतच सापडला. उत्तरा आठवड्यातून दोनदा यायची. मधल्या दिवसांत स्नेहल असायची. ती काकूंची कूस बदलायची, तोंड ओलं करायची. घरी येणाऱ्या नर्सने एकदा तिला कौतुकाने विचारलं, “तू कुठे शिकतेस?”

“कुठेच नाही,” स्नेहल म्हणाली आणि पाण्याचं भांडं घेऊन आत गेली.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी वसुधाबाईंनी मला मांडायला सांगितलं.

“काकू, यंदा नको.”

“बस.”

स्नेहल बसली. वसुधाबाई खुर्चीवर होत्या. त्यांनी तबक उचललं, पण हात थरथरू लागला. निरांजनाची वात एकीकडे झुकली. तेव्हा स्नेहलने खालून आपले दोन्ही हात लावले. दोघींनी मिळून तबक फिरवलं. ओवाळून घेणारीच तबक पेलत होती. “खरी अठरा वर्षांची झालीस गं,” वसुधाबाई म्हणाल्या. नरेंद्रराव उठून स्वयंपाकघरात गेले आणि बराच वेळ नळ सोडून उभे राहिले.

जानेवारीत वसुधाबाई गेल्या.

घर आवरताना उत्तराने मला पुसलं आणि स्नेहलपुढे धरलं. “हा तू ने. आईला आवडलं असतं.”

स्नेहलने माझ्यावरून हात फिरवला. “नको, ताई. आमची खोली सारखी बदलते. कुठे ठेवू?” तिने मला परत केलं, बूट घातले आणि ती गेली. उत्तराने मला युट्रेख्टला आपल्या घरी आणलं. नंतर तिने स्नेहलला अनेकदा फोन केला. आता तो नंबर लागत नाही. दत्ता आणि स्नेहल कुठल्या गावात आहेत, आम्हाला ठाऊक नाही.

मित्रांनो, माझी चीर कुणीतरी कधीतरी तेल लावून बुजवील. नाही बुजवली तरी लाकडाचं फारसं बिघडत नाही. पण तुमच्या वर्गात अशी एखादी मुलगी असू शकते. पुढच्या वर्षी कोण कुठल्या कॉलेजात जाणार याच्या गप्पा निघाल्या की ती दप्तर आवरायला लागते. तिच्याशेजारी बसा. तिला विचारा. पहिल्यांदा ती टाळेल. ती टाळायलाच शिकलेली असते. तरी पुन्हा विचारा. आणि ती जे सांगेल ते पोहोचू द्या एखाद्या शहाण्या मोठ्या माणसापर्यंत, पण तिची परवानगी घेऊन आणि तिलाच बरोबर घेऊन. तिच्या आयुष्याचं काही ठरत असताना तिला दुसऱ्या खोलीत बसवू नका.