सांध्याला वारुळाची माती

आरोंद्याला आमच्या वाडीत दारू कोणी गाळत नव्हतं. दारूबंदीचे फौजदार झडतीला आले तेव्हा प्रत्येकाने त्यांना हे न विचारता सांगितलं. विश्रामकाकांनी तर आपण काजूचं झाड अजून नीट पाहिलेलंही नाही, अशी शपथ घेतली.

साहेबांना काही सापडलं नाही. ते परत जायला मुनीरच्या टॅक्सीत बसतात तोच सुईण आमच्या घरातून धावत आली. माझ्या सीताअक्काच्या पोटातलं मूल आडवं होतं. सावंतवाडीचा दवाखाना गाठला नाही तर दोघांचंही कठीण होतं, आणि गावात मोटार ती एकच. साहेबांनी मागची जागा अक्काला आणि आमच्या आईला दिली आणि स्वतः पुढे सरकले. मी बाहेर दाराखालच्या फळीवर लोंबकळलो.

वाडीच्या चढणीवरच गाडीने तोफ डागली. आत धूर भरला, अक्का खोकून खोकून कळवळू लागली.

मुनीर गाडीखाली शिरला. ‘‘सांधो गेलो,’’ तो आतूनच म्हणाला. इंजिन थरथरतं, त्याची थरथर धुराच्या पाइपाला लागून तो मोडू नये म्हणून मध्ये एक लवचिक सांधा असतो. तोच फाटला होता. ‘‘गाडी चलात, पण तळाक भोकां आसत. असा न्हेलंय तर ही वाटेतच घुसमाटतली.’’

तोफेच्या आवाजाने वाडी गोळा झाली आणि गप्प उभी राहिली. तापलेल्या, हलणाऱ्या नळीचा सांधा कसा बुजवायचा, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. पण फौजदारांसमोर सांगणार कोण?

अक्का ओरडली. विश्रामकाका आभाळाकडे बघत म्हणाले, ‘‘वारुळाची माती आणा. आणि पत्र्याचो डबो.’’

‘‘नुसती माती तडकतली,’’ गर्दीतल्या लवूच्या तोंडून निसटलं. ‘‘काथ्यो मळूक होयो.’’

‘‘तू गप रे! तुझो सांधो दरवर्षी गळता!’’ काका उसळले.

‘‘माझो गळता? तुझ्या भट्टीचो वास बांद्याक जाता!’’

‘‘भांडतास कित्याक?’’ शेजारची आबोली काकी पुढे सरसावली. ‘‘उडदाचा पीठ लाव आधी. माज्या सासऱ्यान जन्मभर उडदाचा पीठ लावन...’’ तिची नजर साहेबांवर गेली. ‘‘...पापड केले.’’

आता लपवायला काही उरलं नव्हतं, त्यामुळे काम झपाट्याने झालं. डबा कापून पत्रा पाइपाभोवती गुंडाळला. त्यावर मातीत आणि पिठात भिजवलेल्या गोणपाटाच्या पट्ट्या चढल्या.

‘‘तार घट्ट आवळू नको रे मुनीर,’’ काका म्हणाले. ‘‘हलाक होया तां. आवळलंस तर परत फुटतला.’’

साहेबांनी टोपी काढून बोनेटवर ठेवली, बाह्या सारल्या आणि मातीवर कळशी वाकडी केली. ‘‘अजून पाणी लागेल का?’’

‘‘आमका काय म्हायत, सायबा?’’ अख्खी वाडी एका सुरात म्हणाली. आणि लवूने हळूच बोटाचं पेर दाखवलं, एवढंसंच पाणी.

इंजिन सुरू झालं. माती वाफाळली, सुकली, धरून राहिली. धूर मागून, सभ्यपणे निघू लागला. आम्ही सावंतवाडी गाठली. डॉक्टर म्हणाले, आणखी उशीर झाला असता तर हात टेकले असते. अक्काला मुलगी झाली. दोघी सुखरूप.

बारशाला फौजदार साध्या कपड्यात, हातात टोपरं घेऊन आले. वाडीचा चेहरा उतरला. त्यांनी टोपरं अक्काच्या ओटीत ठेवलं, खाली बसून चहा मागितला आणि बाळ कोणासारखं दिसतं याखेरीज कसलीही चौकशी केली नाही.

मग विश्रामकाकांनी नारळ ठेवून देवाला गाऱ्हाणं घातलं.

‘‘बा देवा म्हाराजा! सीतेक आणि तिच्या चेडवाक सुखरूप घराक हाडलंस, तसोच त्यांच्या पाठी ऱ्हव रे म्हाराजा!’’

‘‘व्हय म्हाराजा!’’

‘‘मुनीरच्या गाडयेक सांभाळ रे म्हाराजा!’’

‘‘व्हय म्हाराजा!’’

काकांनी फौजदारांकडे हात केला. ‘‘ह्या सायबान त्या दिवशी आयकला ता कानातच ठेवल्यान. असो माणूस माका जन्मात गावाचो नाय. त्याका मोठी बढती दी रे म्हाराजा!’’

‘‘व्हय म्हाराजा!’’

‘‘आणि ती थंय वर, घाटावर दी रे म्हाराजा!’’

‘‘व्हय म्हाराजा!’’ सगळ्यांत मोठा आवाज फौजदारांचा होता.