अन्सेल्मोचा तुंबा

मित्रांनो, मी भोपळ्याचा तुंबा. वय विचाराल तर साठीच्या पुढे. काठावरची चांदीची पट्टी कधीच झिजली आणि पोटातला हिरवा डाग आता माझ्याबरोबरच जाणार. उरुग्वेमधल्या साल्तो गावाबाहेर मी एका कुंपणावर वेलीला लटकत होतो. अन्सेल्मो बेंतांकूर नावाच्या जवान पोराने मला तोडले, वाळवले, आतून खरवडले आणि चहासारखा प्यायचा येर्बाचा कडू पाला भरून वर गरम पाणी ओतले. तेव्हापासून मी त्याचाच.

अन्सेल्मो मेंढ्यांची लोकर कातरणाऱ्या टोळीत होता. कातऱ्या खाली ठेवल्या की टोळी गोल करून बसे आणि मी हातोहात फिरे. पाणी ओतण्याचा मान अन्सेल्मोचा. आमच्याकडे रीत अशी, की ओतणाऱ्याने पहिले कडूजहर घोट स्वतः ओढायचे, मग पुन्हा पाणी भरून एकेकाला द्यायचे. ज्याच्या हाती तुंबा येईल त्याने तळ गाठूनच परत करायचा. अन्सेल्मोच्या हातून आलेला तुंबा कुणी नाकारल्याचे मला आठवत नाही. मला त्या हातांचा फार अभिमान वाटे.

म्हातारपणी त्याचे डोके विसरू लागले. बेकरीची वाट चुकली, नातीचे नाव चुकले. बायको वारल्याचे तो दर आठवड्याला नव्याने ऐके आणि नव्याने रडे. पण मला उचलले की हात बिनचूक चालत.

यंदाच्या थंडीत त्याच्या छातीत कफ साठला. मुलगी सुल्मा त्याला दवाखान्यात घेऊन गेली. ताप, गोळ्या, कवळी, सगळे लिहून घेतले. तो पाणी कसा पितो हे कुणी विचारले नाही आणि तिलाही सांगायचे सुचले नाही. वॉर्डात गरम पाणी न्यायला बंदी, म्हणून ओळखीची एक वस्तू जवळ असावी एवढ्यासाठी तिने मला रिकामेच खाटेजवळच्या कपाटावर ठेवले. ती संत्री भरण्याच्या कारखान्यात कामाला होती आणि भेटीची वेळ होती एक तास.

मिर्ताबाई त्या वॉर्डातल्या सेविका. त्या भरलेला पेला त्याच्या हातात देत. "प्या हं बाबा, सगळं संपवायचं!" म्हणत आणि पुढच्या खाटेकडे धावत. वीस खाटा आणि बाई एकटी. त्यांना तरी कुठल्या तोंडाने बोल लावू?

अन्सेल्मो एक घोट घेई आणि पेला शेजारच्या खाटेकडे करी. "घे गड्या, तुझी पाळी."

शेजारी विल्मार, पाय मोडलेला ट्रकवाला, मनाने चांगला. "आण म्हातारबा! तुझ्या हातचं नाही म्हणायची माझी काय बिशाद? येर्बा मात्र कंजूषपणानं घातलीस हं!" असे म्हणून तो गटागटा पिऊन रिकामा पेला परत देई. म्हाताऱ्याचा चेहरा खुले.

मिर्ताबाई रिकामा पेला पाहून तक्त्यावर खूण करीत. मी कपाटावरून जीव तोडून ओरडे, "अहो, तो प्यायलाच नाही!" पण तुंब्याचे कोण ऐकणार?

तीन दिवसांत पाण्यावाचून त्याची जीभ लाकडासारखी झाली. तो चादरीतून लोकर उपटू लागला. सुल्माला म्हणाला, "तुम्ही कोण बाई?" चौथ्या दिवशी त्याने औषधाची सुई उपटली, तेव्हा त्याचे हात पट्ट्यांनी खाटेला बांधले. ते हात! मला पाहवेना, आणि डोळे मिटण्याची सोय मला नाही.

"बांधलंत कशाला? जनावर आहे का तो?" सुल्मा आल्या आल्या कडाडली.

"अगं, सुया उपटतात. डोकं ठिकाणावर नाही त्यांचं," मिर्ताबाई म्हणाल्या. "पाणी मात्र छान पितात. हा बघ तक्ता."

"छान पितो?" विल्मार हसला. "अहो, सगळं मलाच तर पाजतो! आमची पाळी चालते ना."

सुल्माने कपाटावर माझ्याकडे पाहिले. "अगं आई गं! बाबा ओतणारा आहे. तो सगळ्यांना पाजत बसलाय."

विल्मारचे हसू मावळले. "मला वाटलं, म्हाताऱ्याचं मन राखावं," तो पुटपुटला.

मिर्ताबाईंनी स्वतः पट्ट्या सोडल्या. सलाईन लागले, चमच्याचमच्याने पाणी पाजले. ताप उतरला आणि नवव्या दिवशी अन्सेल्मो घरी आला. गेलेले सगळे मात्र परत आले नाही.

सुल्माने अंगणात येर्बा भरून मला त्याच्या हाती दिले, शेजारी गरम पाण्याचा थर्मास ठेवला. त्याने मला उलटेसुलटे फिरवून पाहिले. पाला त्याच्या मांडीवर सांडला.

"छान आहे," तो परक्यासारखा म्हणाला. "कुणाचं आहे हे?"

मित्रांनो, मी तुंबा आहे, मला सांगता आले नाही. तुम्हाला वाचा आहे. विसरणाऱ्या माणसाला दवाखान्यात नेलेत तर त्याच्या सवयी आधी सांगा. तिथे काम करत असाल तर आधी विचारा, आणि तो पाणी पीत असताना दोन मिनिटे जवळ बसा. पेला रिकामा झाला एवढ्यावर विसंबू नका. कोण प्यायले ते पाहा.