टपातला बर्फ

मरोळच्या त्या चार मजली इमारतीच्या गच्चीवर निळी प्लास्टिकची पिंपं अर्धी कापून ठेवलेली होती. पिंपं पाच, प्रत्येकात चेरीचं एकेक कलम. मार्चअखेरीला त्यांतली तीन वाळून गेली होती. उरलेल्या दोन कलमांवर मिळून सतरा पानं होती आणि सगळी कडांनी करपलेली.

ही कलमं विपुलने मनालीहून आणलेली. तो तिथे हॉटेलात कामाला होता. गेल्या पावसाळ्यात डेंग्यूने तो वारला. त्याची आई कृष्णाबाई बाजारात मासळी विकायची आणि घरी आली की हातपाय धुवायच्या आधी गच्चीवर चढायची. पोराच्या हातचं आता तेवढंच उरलं होतं.

खालच्या मजल्यावरची जान्हवी नुकतीच वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. झाली होती. करपलेलं पान उजेडात धरून तिने विचारलं, "मावशी, पाणी कुठलं घालतेस?"

"नळाचा. आनि दुपारला बर्फ."

"बर्फ?"

"तूच बोललीस ना, चेरीला थंडी लागते म्हणून? मुंबैत थंडी मी कुठून आणू गो? मासळीच्या टपात उरतो तो बर्फ आणून मुळाशी टाकते. पापलेटाला पन मी इतकी जपत नाय."

जान्हवीला हसू आलं आणि ओठांवरच विरलं. "त्या बर्फात मीठ असतं?"

"मिठाशिवाय बर्फ टिकंल काय? शिकलेली ना तू?"

डिसेंबरात जान्हवी म्हणाली होती, चेरीला थंडी लागते, ती इथे मिळणार नाही. कृष्णाबाईने त्यातलं अर्धंच ऐकून घेतलं होतं.

जान्हवीने कॉलेजातून क्षार मोजायचा मीटर मागून आणला. बऱ्या मातीत आकडा एकच्या आत राहतो, दोनच्या वर गेला की चेरीची मुळं ओल्या मातीतही तहानलेली राहतात. मीटर नऊवर थांबला.

"म्हंजी मीच मारली," कृष्णाबाई म्हणाली.

"मावशी, मीठ नसतं तरी इथे ती..."

"ता नको सांगू. आता काय करायचा ता सांग."

मीठ धुवून काढायचं होतं. पिंपांना खालून भोकं होतीच. नळाला पाणी यायचं सकाळी तासभर. दोघी बादल्या भरायच्या, जिना चढायच्या, हळूहळू ओतायच्या आणि खालून झिरपलेल्या पाण्यातले क्षार मोजायच्या. त्या आठवड्यात कृष्णाबाईने बाजारात बसणं सोडलं. शेजारीण टोमणा मारून गेली, "चेरी पिकली की आम्हाला पण दे हां." कृष्णाबाईने बादली उचलली आणि ती जिना चढू लागली.

आकडा उतरत गेला. पानंही उतरत गेली. शेवटचं पान कृष्णाबाईने पदराच्या गाठीत बांधलं.

त्यानंतरच्या रविवारी जान्हवी पिंपांपाशी खाली बसली. कलम म्हणजे एकमेकांना जोडलेली दोन झाडं; सांध्याखाली रानटी खुंट, वर चेरी. नखाने साल खरवडली की जिवंत लाकूड हिरवं दिसतं. कृष्णाबाई पाठीमागे उभी होती. जान्हवीने शेंड्यापासून सुरुवात केली आणि बोटाबोटाने खाली येत पाचही कलमं तपासली. मग मीटर मातीत खुपसला.

मातीचा आकडा शून्य पूर्णांक आठ दशांश. चार कलमं मुळापर्यंत तपकिरी. पाचव्याचा सांध्याखालचा खुंट दोन सेंटिमीटर हिरवा, सांध्याच्या वरची चेरी तपकिरी.