दोन घरांत फिरणारं गाव

"मावशी गावात येतच नाहीये," असं ठमी आईला पहिल्यांदा म्हणाली, तेव्हा आई तिच्या शाळेच्या मोज्यांची जोडी शोधत होती. "मावशीला कामं असतात बाई. तुझ्यासारखी रिकामटेकडी नाही ती," एवढं बोलून तिने मोजा झटकला आणि विषयही झटकला. ठमीची मूठ घट्ट झाली. त्या मुठीत मी होतो.

मित्रांनो, मी एक जुना पेनड्राइव्ह आहे. माझं टोपण केव्हाच हरवलं. अंगावरची अक्षरं पुसून गेली आणि गळ्यात ठमीच्या रिबिनीचा तुकडा आला. माझ्यासारखे दुकानात ढिगाने असतात. कुणाच्या वाट्याला लग्नाचे फोटो येतात, कुणाच्या वाट्याला ऑफिसचे कागद. माझ्या वाट्याला एक अख्खं गाव आलं.

ते असं झालं. ठमीच्या घरच्या लॅपटॉपची हार्ड डिस्क आधी करकरायला लागली आणि मग एका दुपारी कायमची गप्प झाली. बाबा म्हणाले, "भंगारात घाला." पण ठमीची मावशी आली, तिने स्क्रू काढले आणि किडका दात काढावा तशी ती डिस्क बाहेर काढली. "हिच्यावाचून काही अडत नाही," ती म्हणाली. "डोकं आपण बाहेरून लावू." ते डोकं म्हणजे मी. मावशीने माझ्यावर कॉम्प्युटर चालवणारं लिनक्स चढवलं, सोबत गाव वसवण्याचा एक खेळ चढवला, आणि खेळात जे काही घडेल ते माझ्याच पोटात साठेल अशी सोय केली. मला लावलं की लॅपटॉप माझ्यावरून उठतो. मला काढून दुसऱ्या कॉम्प्युटरला लावलं की तिथेही तेच गाव, तीच नदी, त्याच आगाऊ कोंबड्या.

दुसरा कॉम्प्युटर मावशीचा. ती दोन गल्ल्या पलीकडे एकटी राहायची आणि घरूनच काम करायची. कॉम्प्युटर ऑफिसने दिलेला होता. जेवणाच्या सुट्टीत ती तो माझ्यावरून सुरू करायची. आतल्या ऑफिसच्या डिस्कला मी हातही लावत नसे. "साहेबांना पत्ता नाही आणि माझी भाची खूश," असं ती हसून म्हणायची.

ठमी संध्याकाळी खेळायची. सकाळी आई कामावर जाताना मला मावशीकडे टाकायची, येताना घेऊन यायची. निघताना प्रत्येकीने गावात एक पाटी ठोकायची, असा दोघींचा नेमच होता. मावशी लिहायची, "कोंबड्या उपाशी. महाराणींचा जाहीर निषेध." दुसऱ्या दिवशी ठमीची पाटी, "कोंबड्यांनी माझं शेत खाल्लं. आधी त्यांचा निषेध करा." नदीवर दोघी पूल बांधत होत्या, या काठाने ठमी आणि त्या काठाने मावशी. काय सुखाचे दिवस होते ते. मला लावण्याआधी ठमी माझ्या तोंडावर फुंकर मारायची, जणू मी गरम दूध होतो.

मग मावशीच्या पाट्या थांबल्या.

मला कारण ठाऊक होतं. मी दिवसभर तिच्या टेबलावरच पडून असायचो, आणि टेबलावर कॉम्प्युटर नव्हता. ऑफिसची माणसं येऊन, सही घेऊन तो घेऊन गेली होती. मागे धुळीत त्याच्या मापाचा एक स्वच्छ चौकोन उरला होता. मावशीची नोकरी गेली होती आणि ती कुणाला बोलली नव्हती. ती भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. केलेला चहा तसाच गार व्हायचा. संध्याकाळी बेल वाजली की उठून केसांवरून कंगवा फिरवायची, दार जेमतेम उघडायची आणि मला बाहेर द्यायची. "मीटिंग चालू आहे गं ताई. नंतर बोलू."

मित्रांनो, तेव्हा माझा जीव किती तळमळला असेल. पण आम्हाला कुणी लावल्याशिवाय तोंड फुटत नाही.

ठमीने आपला अर्धा पूल पुरा केला आणि पाटी लावली, "मावशी, रुसलीस का?" पलीकडचा अर्धा तिने बांधायला घेतला नाही. "तो तिचा आहे," ती म्हणाली. आई विचारायची, तेव्हा फोनवर मावशी म्हणायची, "खेळले की. छान बांधलंय पोरीने."

"मग हाच बिघडलाय," आईने माझ्याकडे बोट दाखवलं. "ती खेळते आणि हा काही साठवतच नाही."

"जुना झालाय. फेक. नवा आणू," बाबा म्हणाले.

पण ठमीची आई म्हणजे घराला कुलूप लावल्यावरही गॅस बघायला परत येणारी बाई. ती अशी कशी फेकेल? तिने मला लॅपटॉपला लावलं आणि एका कोऱ्या पानावर लिहिलं, "दूध आणायचं आहे." सगळं बंद केलं. पुन्हा सुरू केलं. दूध जागच्या जागी होतं. मी ठणठणीत होतो. मग खेळ जिथे साठतो तो कप्पा तिने उघडला. तिथे प्रत्येक वेळेची नोंद असते. अलीकडच्या सगळ्या नोंदी संध्याकाळच्या, ती स्वतः स्वयंपाकघरात असतानाच्या. दुपारची एकही नव्हती. जुन्या नोंदींपर्यंत ती मागे मागे जात राहिली आणि तिचा चेहरा उतरला.

"म्हणजे खोटं बोलली ती," बाबा म्हणाले.

"खोटं कशाला बोलेल? काहीतरी झालंय तिला." आईने मला पर्समध्ये टाकलं आणि चपला घातल्या.

बेल वाजली. आतून आवाज आला, "मीटिंग चालू आहे गं."

"चालू दे. मी बसते इथे पायरीवर. संपली की उघड."

बराच वेळ काही झालं नाही. वरच्या मजल्यावरचे काका पिशवी घेऊन उतरले, आईकडे बघत गेले, परत आले तरी आई तिथेच. शेवटी कडी निघाली. आईने टेबल पाहिलं. तिने स्वयंपाकघरात जाऊन ओटा पाहिला, तो कोरडा होता. फ्रीजमध्ये पाण्याची बाटली तेवढी होती.

"जेवलीस?"

"हो."

"काय जेवलीस?"

मावशीने फ्रीजचं दार लावून टाकलं. मग म्हणाली, "ठमीला काय सांगणार होते, ताई? मावशीला काढून टाकलं म्हणून?"

"तिला वाटतंय तू रुसलीस. त्यापेक्षा हे बरं." "चल घरी. लॅपटॉप आहे आपला. डिस्क नाही त्याला, पण चालतो."

"माहितीये. मीच काढलीय," मावशी म्हणाली आणि रडायला लागली.

ती त्या दिवशी आली, जेवली. सगळं मार्गी लागलं असं मात्र मी म्हणणार नाही. काही संध्याकाळी ती येते, ठमीच्या शेजारी बसते. काही संध्याकाळी तिचा फोन येतो, "आज नको, मी ठीक आहे." मग आई डबा भरते आणि तिच्या दारात जाऊन उभी राहते. अजून तिला रात्रीची नीट झोप लागत नाही.

मित्रांनो, खरं तर इथे मी तुम्हाला माझी काळजी घ्यायला सांगायला हवं. चालू असताना मला उपटू नका, ओल्या हातांनी धरू नका. पण माझं एक सोपं आहे. मला तपासायला एक ओळ पुरते. माणूस असा तपासता येत नाही, फोनवर तर नाहीच. तुमच्या ओळखीचं कुणी हल्ली दारातूनच बोलून तुम्हाला परत पाठवतं का? आठवून बघा. कुणी आठवलं, तर हे पुस्तक मिटा, घरातल्या मोठ्या कुणाला तरी सोबत घ्या आणि आजच जाऊन या. आतपर्यंत जा. जेवलात का, विचारा. आणि "हो" म्हणाले, तर काय जेवलात तेही विचारा.